परसबागेचे नियोजन : किती पिकवावे आणि केव्हा?

घराच्या मागील दारी दोन-चार वेल, शेवग्याचे झाड आणि पालेभाजीचे एक-दोन वाफे असणे ही भारतीय ग्रामजीवनातील जुनी व्यवस्था आहे. महाराष्ट्रात तिला परसबाग म्हणतात. झारखंड व छत्तीसगडमध्ये ती ‘बाडी’, आसामात ‘बारी’ आणि गोव्यात सुपारी-नारळाच्या छायेतील ‘कुळागर’ या नावाने ओळखली जाते. गेल्या काही वर्षांत या पारंपरिक व्यवस्थेला धोरणात स्थान मिळाले आहे. ८ मार्च २०१८ रोजी राजस्थानातील झुंझुनू येथून पोषण अभियानाचा प्रारंभ झाला. २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात ‘पोषण २.०’ ची घोषणा झाली आणि त्याअंतर्गत अंगणवाड्यांच्या आवारात पोषण वाटिका उभारण्यावर भर देण्यात आला. तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. छत्तीसगडने २०१९ मध्ये ‘नरवा, गरुवा, घुरुवा, बाडी’ हा कार्यक्रम, तर झारखंडने २०२० मध्ये ‘दीदी बाडी योजना’ हाती घेतली.

या सर्व कार्यक्रमांत बियाण्यांचे वाटप, लागवडीचे प्रशिक्षण आणि सेंद्रिय खताची निर्मिती यांवर बराच विचार झालेला दिसतो. त्या मानाने एक मूलभूत प्रश्न मागे राहतो. पाच माणसांच्या कुटुंबाने नेमके किती पिकवावे? हा प्रश्न घरगुती वाटला, तरी त्याचे स्वरूप नियोजनशास्त्रातील कोणत्याही मोठ्या प्रश्नासारखेच आहे. गरज ठरवणे, उपलब्ध साधने मोजणे, पर्यायांमधून निवड करणे आणि काळाच्या ओघात पुरवठा समान राखणे या चारही पायऱ्या येथे आहेत. प्रस्तुत लेखात या पायऱ्यांचा हिशेब मांडला असून, वार्षिक सरासरीवर आधारलेले नियोजन परसबागेला का उपयोगी पडत नाही, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

देशाची सरासरी आणि कुटुंबाचे ताट

भाजीपाला उत्पादनात चीनखालोखाल भारताचा जगात दुसरा क्रमांक लागतो. २०२०-२१ मध्ये देशात सुमारे २० कोटी टन भाजीपाला पिकला. त्या वर्षीच्या लोकसंख्येने या उत्पादनाला भागले, तर दरडोई, दररोज जवळपास ४०० ग्रॅम भाजी येते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ च्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रौढ व्यक्तीसाठी दररोज ३०० ग्रॅम भाज्यांची शिफारस केली होती. त्यात ५० ग्रॅम पालेभाज्या, ५० ग्रॅम कंदमुळे आणि २०० ग्रॅम इतर भाज्यांचा समावेश होता. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शनात पालेभाज्या धरून भाज्यांचे हे प्रमाण ४०० ग्रॅम करण्यात आले. कागदावर पाहता देश स्वयंपूर्ण आहे, असाच निष्कर्ष कोणीही काढेल.

मात्र या २० कोटी टनांपैकी सुमारे ४० टक्के वाटा बटाटा आणि कांदा या दोनच पिकांचा आहे. काढणीपासून ग्राहकापर्यंतच्या प्रवासात भाज्यांचे ५ ते १२ टक्के नुकसान होते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॅबकॉन्सच्या अभ्यासात आढळले. शिवाय सरासरीत श्रीमंत आणि गरीब, हिवाळा आणि उन्हाळा, बाजाराजवळचे गाव आणि दुर्गम पाडा असे सारे एकत्र मिसळलेले असतात.

भावांतील चढउतार हा आणखी एक घटक आहे. जुलै २०२३ मध्ये किरकोळ बाजारातील भाजीपाल्याची महागाई ३७ टक्क्यांवर, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये ४२ टक्क्यांवर गेली होती. २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भागातील दरडोई मासिक खर्च सरासरी ३,७७३ रुपये होता आणि त्यातील सुमारे ५.४ टक्के रक्कम भाजीपाल्यावर खर्च होत होती. म्हणजे माणशी सुमारे २०० रुपये आणि पाच जणांच्या कुटुंबासाठी महिन्याला एक हजार रुपये. भाव दीडपट झाले की असे कुटुंब भाजीवरचा खर्च दीडपट करत नाही. ते भाजी कमी खाते. या कपातीत बहुधा घरातील स्त्रीच्या ताटातील भाजी आधी कमी होते.

तिचे परिणाम आरोग्याच्या आकडेवारीत उमटतात. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि ६ ते ५९ महिने वयाची ६७ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीत हेच प्रमाण अनुक्रमे ५३ व ५९ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. जंत, हिवताप, लागोपाठची बाळंतपणे यांचाही त्यात भाग असतो आणि लोहाच्या गोळ्यांना परसबाग हा पर्याय होऊ शकत नाही. तथापि, आहारातील विविधतेचा अभाव हे त्यांपैकी एक कारण आहे आणि परसबागेचा संबंध थेट त्याच्याशी येतो.

हिशेबाची सुरुवात ताटापासून

परसबागेचे नियोजन सामान्यतः जमिनीपासून सुरू होते. जागा किती आहे, तिच्यात किती वाफे बसतील, असा विचार केला जातो. नियोजनाच्या दृष्टीने उलटा क्रम अधिक योग्य ठरतो. आधी ताट, मग पीक आणि शेवटी जमीन.

उदाहरणादाखल झारखंडच्या पठारावरील पाच जणांचे एक कुटुंब घेऊ. पती-पत्नी, एक वृद्ध आणि दोन मुले असे हे कुटुंब आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून सर्वांसाठी दररोज ३०० ग्रॅम हे जुने व माफक प्रमाण धरू. कुटुंबाची गरज दिवसाला दीड किलो, महिन्याला ४५ किलो आणि वर्षाला सुमारे ५४७ किलो इतकी होते. ४०० ग्रॅमच्या नव्या प्रमाणानुसार ती ७३० किलो होईल.

आता जमीन. देशातील भाजीपाल्याची सरासरी उत्पादकता हेक्टरी सुमारे १८ टन, म्हणजेच चौरस मीटरला १.८ किलो आहे. कृषी विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रे पाच माणसांच्या कुटुंबासाठी सर्वसाधारणपणे २०० ते २५० चौरस मीटरच्या परसबागेची शिफारस करतात. दीदी बाडी योजनेतील पाच डेसिमलचा भूखंड सुमारे २०० चौरस मीटरचा, म्हणजे महाराष्ट्रातील मापाने बरोबर दोन गुंठ्यांचा होतो. वाटा, कुंपण, खताचा खड्डा यांसाठी ३० टक्के जागा सोडली, तर १४० चौरस मीटर प्रत्यक्ष लागवडीखाली येते. एकाच जागेवर वर्षातून सरासरी अडीच पिके घेतली, तर १४० गुणिले २.५ गुणिले १.८, म्हणजे ६३० किलो उत्पादन मिळते. दोन ते अडीच गुंठ्यांच्या शिफारशीचे गणित हे असे आहे आणि वार्षिक गरजेच्या तुलनेत ते समाधानकारकही आहे. प्रश्न उरतो तो ‘वर्षातून अडीच पिके’ या गृहीतकाचा.

पाण्याची मर्यादा आणि बदलणारा आकार

जून ते सप्टेंबर या काळात झारखंडमध्ये पाऊस पुरेसा पडतो. त्यानंतर बागेला पाणी द्यावे लागते. विहीर किंवा तलाव नसलेल्या कुटुंबाचा आधार म्हणजे घरातील वापरलेले पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचे उद्दिष्ट दरडोई, दररोज ५५ लिटर पाण्याचे आहे. ते पूर्ण मिळाले असे धरले, तर पाच माणसांच्या घरात २७५ लिटर पाणी येते आणि त्यातील साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे १८० लिटर सांडपाणी म्हणून बाहेर पडते.

हिवाळ्यात भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे दररोज सुमारे ४ लिटर पाणी लागते असे मानले, तर १८० लिटरमध्ये ४५ चौरस मीटर भिजते. एप्रिल-मे महिन्यांत हीच गरज ८ लिटरच्या घरात जाते आणि तेवढ्याच पाण्यात जेमतेम २२ चौरस मीटर भिजते. म्हणजे दोन गुंठ्यांची ही बाग पावसाळ्यात १४०, हिवाळ्यात ४५ आणि उन्हाळ्यात २२ चौरस मीटरची असते.

चार-चार महिन्यांच्या तीन हंगामांचा हिशेब मांडू. प्रत्येक हंगामातील गरज सुमारे १८३ किलो आहे. एका हंगामात एक पीक धरल्यास पावसाळ्यात २५२, हिवाळ्यात ८१ आणि उन्हाळ्यात ४० किलो भाजी मिळते. वर्षाची बेरीज ३७३ किलो होते. वार्षिक गरजेच्या ६८ टक्के गरज भागली, असे अहवालात लिहिता येईल आणि ते खोटेही नसेल. परंतु हंगामनिहाय पाहिले तर पावसाळ्यात गरजेच्या १३८ टक्के, हिवाळ्यात ४४ टक्के आणि उन्हाळ्यात केवळ २२ टक्के भाजी उपलब्ध आहे. पावसाळ्यातील ७० किलो जादा भाजी वर्षाच्या बेरजेत मोजली गेली, पण तिने मे महिन्यातील ताटात भर घातली नाही.

परसबागेच्या नियोजनातील मुख्य मुद्दा येथे स्पष्ट होतो. नाशवंत वस्तूच्या बाबतीत वार्षिक सरासरी हे मोजमाप दिशाभूल करते. बागेचे नियोजन तिच्या सर्वांत तुटीच्या महिन्यावरून करावयास हवे. उन्हाळ्यातील २२ चौरस मीटरवर काय लावायचे हे आधी ठरवावे. त्यानंतर हिवाळ्याचा आणि शेवटी पावसाळ्याचा विचार करावा. पावसाळ्यात तर सर्व १४० चौरस मीटरवर रोजच्या खाण्याची भाजी लावण्याचे कारणच नाही. त्यातील मोठा भाग टिकाऊ पिकांना द्यावा. लाल भोपळा कित्येक आठवडे टिकतो. सुरण आणि रताळी पावसावर वाढतात आणि नंतरच्या महिन्यांत उपयोगी पडतात. तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘भू सोना’ हे नारिंगी गराचे रताळ्याचे वाण ‘अ’ जीवनसत्त्वाचा चांगला स्रोत आहे. मिरची वाळवता येते. झारखंडमध्ये फुटकलसारखे साग वाळवून ठेवण्याची प्रथा आहे, ती याच तुटीवरचा लोकांनी शोधलेला उपाय होय.

हंगामाऐवजी आठवडा

हंगामांतील असमतोलाप्रमाणेच आठवड्यांतील असमतोलही महत्त्वाचा आहे. पालेभाजीचे उदाहरण घेऊ. माणशी दररोज ५० ग्रॅम या हिशेबाने पाच जणांना आठवड्याला पावणेदोन किलो पालेभाजी लागते. मेथीचे उत्पादन चौरस मीटरला ७०० ग्रॅम धरले आणि पेरणीपासून काढणीपर्यंत चार आठवडे लागतात असे मानले, तर १० चौरस मीटर जागा पुरेशी ठरते. बियाण्यांचे पाकीट हाती आले की सगळे बी एकाच दिवशी पेरण्याकडे स्वाभाविक कल असतो. तसे केल्यास चार आठवड्यांनी एकदम सात किलो मेथी तयार होते. दोन-तीन दिवसांत तिची पाने पिवळी पडू लागतात. दोन किलो खाल्ली जाते, थोडी शेजारी दिली जाते, उरलेली गुरांपुढे जाते आणि पुढचे तीन आठवडे घरात पालेभाजी नसते.

हीच जागा अडीच-अडीच चौरस मीटरच्या चार वाफ्यांत विभागून दर आठवड्याला एक वाफा पेरला, तर पाचव्या आठवड्यापासून दर आठवड्याला पावणेदोन किलो भाजी मिळत राहते. जमीन तीच, बियाणे तेच आणि पाणी तितकेच किंवा थोडे कमी. बदल झाला तो केवळ पेरणीच्या तारखांत. मेथी थंडीची भाजी असल्याने उन्हाळ्यात तिच्या जागी लाल साग म्हणजेच लाल माठ घ्यावा लागेल. पोई, म्हणजे मयाळू, आणि पालक यांची वारंवार कापणी होत असल्याने त्यांच्यासाठी वाफ्यांची संख्या कमी चालते.

फळभाज्यांचा हिशेब थोडा वेगळा आहे, कारण त्यांची तोडणी अनेक आठवडे चालते. वरील कुटुंबाला आठवड्यातून दोनदा, दर वेळी ७५० ग्रॅम भेंडी हवी असेल, तर आठवड्याची गरज दीड किलो होते. एका पेरणीची तोडणी सुमारे सात आठवडे चालते असे धरल्यास साडेदहा किलो भेंडी लागेल. हेक्टरी १० टन या उत्पादनानुसार चौरस मीटरला एक किलो येते. म्हणजे साडेदहा चौरस मीटर जागा हवी. कमी उगवण, कीड, शेळ्या-कोंबड्यांचा उपद्रव यांसाठी चौथा हिस्सा जादा धरला, तर १३ चौरस मीटर. ओळींत ४५ आणि रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास तेवढ्या जागेत सुमारे शंभर रोपे बसतात. ती दोन टप्प्यांत, तीन आठवड्यांच्या अंतराने लावली तर तोडणीचा काळ सातऐवजी दहा आठवड्यांपर्यंत लांबतो.

सर्व पिकांसाठी हिशेबाची रीत हीच आहे. आठवड्याच्या गरजेला तोडणीच्या आठवड्यांनी गुणावे, चौरस मीटरच्या उत्पादनाने भागावे आणि नुकसानीसाठी चौथा हिस्सा वाढवावा. बहुवार्षिक झाडांसाठी एवढाही हिशेब लागत नाही. तामिळनाडूतील पेरियाकुलम येथे विकसित झालेल्या शेवग्याच्या पीकेएम-१ या वाणाच्या एका झाडाला वर्षाकाठी दोनशेच्या आसपास शेंगा येतात. कुटुंबाला एक-दोन झाडे पुरतात आणि त्यांची पाने उन्हाळ्यातही हाताशी राहतात.

काय पिकवावे, काय विकत घ्यावे?

साधने मर्यादित असताना सर्वच पिके घेता येत नाहीत. येथे तुलनात्मक लाभाचे तत्त्व उपयोगी पडते. बटाटा आणि कांदा बाजारात तुलनेने स्वस्त मिळतात, दूरवर वाहून नेता येतात आणि साठवता येतात. उलट पालेभाजी प्रवासात लवकर कोमेजते आणि दुर्गम गावापर्यंत ती अनेकदा पोहोचतच नाही. त्यामुळे थोड्या पाण्याच्या बागेत पालेभाजी, शेवगा, पपई, लिंबू यांना अग्रक्रम द्यावा आणि कांदा-बटाटा बाजारातून आणावा, हे अर्थशास्त्रीय दृष्ट्या तर्कसंगत आहे.

पोषणाचा निकषही हीच दिशा दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने स्त्रियांच्या आहारातील किमान विविधता मोजण्यासाठी अन्नाचे दहा गट ठरवले आहेत. त्यांपैकी किमान पाच गट दिवसभराच्या आहारात असावेत, अशी अपेक्षा आहे. या दहांपैकी चार गट थेट परसबागेतून मिळू शकतात. गडद हिरव्या पालेभाज्या, ‘अ’ जीवनसत्त्वयुक्त फळे व भाज्या, इतर भाज्या आणि इतर फळे हे ते चार गट होत. वीस किलो वांगी पिकवणाऱ्या कुटुंबाला एकच गट मिळतो. पाच किलो लाल साग, पाच किलो पपई, पाच किलो भेंडी आणि पाच किलो पेरू मिळवणाऱ्या कुटुंबाला चार मिळतात. लिंबू व पेरू यांतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे पालेभाज्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास मदत होते, हाही एक लाभ आहे.

मग बागेतील जादा भाजी विकता येणार नाही काय? जरूर येईल, पण तिचे मूल्य घरात खाल्लेल्या भाजीइतके नसते. टोमॅटो, कांदा आणि बटाटा यांसाठी ग्राहक देत असलेल्या रुपयापैकी शेतकऱ्याच्या हाती अनुक्रमे ३३, ३६ आणि ३७ पैसे पडतात, असा अंदाज रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मांडला आहे. घरी खाल्लेल्या भाजीमुळे किरकोळ भावाने होणारी खरेदी वाचते, म्हणजे पूर्ण रुपया वाचतो. विकलेल्या भाजीचे त्याच्या एक-तृतीयांश मिळतात. गावातील सर्व कुटुंबांना एकाच दिवशी एकसारखे बियाणे मिळाले असेल, तर सर्वांकडे एकाच पंधरवड्यात तेच पीक येते आणि आठवडी बाजारात तेवढेही मिळत नाही. कुटुंबाच्या गरजेपर्यंत प्रत्येक किलोचे सीमांत मूल्य किरकोळ भावाइतके असते आणि गरज संपताच ते झपाट्याने खाली येते. म्हणून गरजेच्या थोडे वर, सुमारे एक-चतुर्थांश अधिक, हे परसबागेच्या आकाराचे योग्य परिमाण ठरते. त्यापुढील उत्पादन ही भाजीपाल्याची शेती होय आणि तिचा हिशेब बाजार, वाहतूक व भांडवल यांच्या आधारे स्वतंत्रपणे मांडावा लागतो.

श्रमाचा हिशेब

परसबागेच्या खर्चात बियाणे आणि खत मोजले जाते. वेळ मोजला जात नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ वापर पाहणीनुसार विनावेतन घरकामात सहभागी असलेल्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर पुरुष ८८ मिनिटे. १८० लिटर पाणी बादलीने बागेत नेणे म्हणजे १५ लिटरच्या बारा खेपा होत. हे काम गृहीतच धरलेल्या स्त्रीवर पडले, तर तिचे पोषण सुधारण्यासाठी आखलेली योजना तिच्याच श्रमात भर घालते. न्हाणीघरापासून बागेपर्यंत उताराची सरी काढणे, बाग स्वयंपाकघराजवळ ठेवणे, पालापाचोळ्याचे आच्छादन घालून पाण्याच्या पाळ्या कमी करणे हे उपाय साधे आहेत. साबणाचे पाणी वाळू-खडीच्या गाळणातून काढून केळी, पपई, शेवगा यांसारख्या झाडांच्या मुळाशी द्यावे. पालेभाजीवर टाकू नये. झारखंडमध्ये भात कापणीनंतर गुरे मोकळी सोडली जातात. म्हणून कुंपण हा हिवाळी बागेचा पहिला खर्च असतो आणि ते काम पुरुषांनी आधीच पूर्ण करावयास हवे.

एक सूत्र, अनेक प्रदेश

तुटीचा काळ प्रदेशानुसार बदलतो, नियोजनाचे सूत्र मात्र कायम राहते. लडाखमध्ये तुटीचा काळ कडक हिवाळ्याचा आहे. तेथे लेह येथील संरक्षण संशोधन संस्थेने जमिनीखालील चरात, पारदर्शक आच्छादनाखाली पालेभाजी घेण्याच्या पद्धतीचा प्रसार केला. पश्चिम राजस्थानात पाणीच दुर्मिळ असल्याने खेजडीच्या शेंगांची सांगरी आणि केर वाळवून वर्षभर वापरण्याची रीत रूढ झाली. केरळमध्ये ओणमच्या काळात भाजीची मागणी एकदम वाढते आणि शेजारच्या राज्यांवरील अवलंबन जाणवते. ‘ओणमसाठी एक सूप भाजी’ अशा अर्थाच्या नावाने तेथील राज्य शासनाने घरोघरी लागवडीची मोहीम चालवली, तिची रचना या एका महिन्याकडे पाहूनच करण्यात आली. कोकणात मुसळधार पावसात वाफ्यांतील भाजी कुजते. तेथे मांडवावरील पडवळ, दोडका, काकडी आणि परसातील अळू यांनी पावसाळ्याची गरज भागवली. या प्रत्येक ठिकाणी लोकांनी आपला अडचणीचा महिना ओळखून पिकांची निवड केलेली दिसते.

कार्यक्रमांची दिशा

वरील विवेचनातून परसबाग कार्यक्रमांसाठी काही निष्कर्ष निघतात. पहिला निष्कर्ष बियाणे वाटपाबाबतचा. एकाच मोठ्या पाकिटाऐवजी पेरणीचे आठवडे छापलेली लहान पाकिटे दिली, तर खर्चात फारशी वाढ न होता पुरवठ्यात सातत्य येईल. दुसरा, उन्हाळी पिकांचे बियाणे आणि शेवगा, लिंबू, पपई यांची रोपे यांना पावसाळी बियाण्यांइतकेच महत्त्व द्यावे. तिसरा, बागेचा आकार जमिनीवरून न ठरवता उन्हाळ्यात उपलब्ध असलेल्या पाण्यावरून ठरवावा. चौथा, गावातील कुटुंबांना निरनिराळी पिके वाटून द्यावीत, जेणेकरून जादा भाजीची आपसांत देवाणघेवाण होईल. स्वयंसहायता गटांच्या बैठकीत हे नियोजन सहज करता येते.

सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मूल्यमापनाचा आहे. उभारलेल्या बागांची संख्या किंवा वर्षभरातील एकूण किलो ही सोयीची, पण अपुरी मोजमापे आहेत. त्याऐवजी कुटुंबाने एक साधी वही ठेवावी आणि आठवड्यातील किती दिवस घरच्या बागेतील पालेभाजी शिजली, एवढीच नोंद करावी. ५२ आठवड्यांच्या या नोंदीत कोणते महिने रिकामे राहिले ते दिसेल आणि पुढील वर्षीचे नियोजन त्या रिकाम्या महिन्यांपासून सुरू करता येईल. अंगणवाडी सेविका व कृषी विज्ञान केंद्रे यांनाही या नोंदींचा उपयोग होईल.

परसबागेमुळे आहारातील विविधता वाढते, याबद्दल अभ्यासकांमध्ये बऱ्यापैकी एकमत आहे. मुलांची उंची, वजन आणि रक्तातील लोह यांवरील तिचा परिणाम मात्र आरोग्यसेवा, स्वच्छता व शिक्षण यांच्या जोडीनेच दिसू शकतो. दोन गुंठ्यांच्या तुकड्याकडून सर्व समस्यांच्या निराकरणाची अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे. भर उन्हाळ्यात, भाव चढलेले असताना आणि आठवडी बाजार दूर असताना, घरातील गर्भवती स्त्रीच्या ताटात मूठभर लाल साग आणि लिंबाची फोड पडावी, एवढी अपेक्षा मात्र तिच्याकडून निश्चित ठेवता येते. त्यासाठी बावीस चौरस मीटर जागा, घरातील वापरलेले पाणी आणि पेरणीच्या तारखांचे काटेकोर नियोजन पुरेसे आहे.